युद्धातलं रेशमी पोस्टकार्ड हाती आलं तर: ओळखण्यापासून जपण्यापर्यंत

पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये असलेल्या सैनिकांनी घरी पाठवलेली रेशमी भरतकामाची पोस्टकार्डं अधूनमधून आपल्याकडेही दिसतात. कधी तिकिटं-नाण्यांच्या प्रदर्शनातल्या एखाद्या स्टॉलवर, कधी जुन्या बाजारात इंग्रजी पुस्तकांच्या ढिगात, तर कधी परदेशी राहणाऱ्या नातेवाइकानं हौसेनं आणलेली. आणि कार्डाबरोबर हमखास एक गोष्टही येते. सैनिकानं खंदकात बसून स्वतः भरलं. बेघर झालेल्या बाईनं मेणबत्तीच्या उजेडात भरलं. आमच्या पणजोबांनी फ्रान्सहून पाठवलं.

यातली एखादी गोष्ट खरी निघेलही. पण गोष्ट शेवटी ऐकायची आणि कार्ड आधी वाचायचं, हा क्रम पाळलात तर पैसे वाचतील आणि घरातला इतिहासही भलत्या दिशेला जाणार नाही. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं लावल्या आहेत.

आधी जवळ काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. सराफ वापरतात तसं चालेल
- छोटी विजेरी
- नोटा तपासायची अतिनील विजेरी
- तिकिटं उचलायचा चपट्या टोकाचा चिमटा
- मऊ केसांचा कोरा ब्रश
- मोजपट्टी, पेन्सिल आणि वही (कार्डाजवळ शाईपेन किंवा बॉलपेन आणूच नका)
- मोबाइलचा कॅमेरा
- १९१४ ते १९१८ मधल्या दोस्त राष्ट्रांच्या ध्वजांचा रंगीत तक्ता

हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. क्रीम, तेल, अत्तर लावलेलं नको. टेबलावर पांढरं सुती कापड पसरा, म्हणजे सुटलेला धागा लगेच दिसतो.

१. भरलेलं आहे, विणलेलं आहे की छापलेलं?

नवखा माणूस तिन्हींना सरसकट 'रेशमी कार्ड' म्हणतो आणि विक्रेतेही म्हणतात. वस्तू मात्र तीन वेगळ्या आहेत.

भरलेल्या कार्डात पातळ, पारदर्शक रेशमी कापडावर रंगीत धाग्यांनी नक्षी उठवलेली असते. कापड साडीतल्या ऑरगन्झासारखं दिसतं. बोट न लावता विजेरी आडवी धरली तर नक्षीची सावली पडते, कारण धागा कापडापासून वर आलेला असतो. हे कापड जाड कागदाच्या दोन थरांमध्ये चिकटवलेलं असतं. वरच्या कागदाला मधोमध खिडकी कापलेली असते आणि तिच्याभोवती ठशानं उठवलेली वेलबुट्टी असते. एकूण आकार साधारण ९ गुणिले १४ सेंटिमीटर, म्हणजे तेव्हाच्या नेहमीच्या पोस्टकार्डाएवढाच.

विणलेल्या कार्डात चित्र मागावर कापडाबरोबरच विणलेलं असतं. पृष्ठभाग सपाट आणि बारीक रेघांचा. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीचे थॉमस स्टीव्हन्स आणि फ्रान्समधल्या सेंट एतिएनची नेरे फ्रेर ही कंपनी या प्रकारासाठी प्रसिद्ध होती. हे जॅकार्ड मागाचं काम, म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या मागाचं, त्यामुळे त्यात चेहरे आणि इमारती चांगल्या उतरतात.

छापलेल्या कार्डात रेशमावर नुसती शाई असते. भिंगातून पाहिलं की लगेच कळतं.

हा लेख भरलेल्या कार्डांबद्दल आहे. त्यातही दोन उपप्रकार आहेत: साधं, आणि खिशाचं. खिशाच्या कार्डात रेशमाची झडप पाकिटासारखी उघडते आणि आत एक चिमुकलं छापील कार्ड असतं. 'टू माय डिअर मदर', 'फर्गेट मी नॉट' असं काहीतरी. झडप उघडायचीच असेल तर एकदाच, चिमट्याच्या मदतीनं, फोटो काढण्यापुरती उघडा. शंभर वर्षांची रेशमी घडी दर पाहुण्यासाठी उघडली की ती बिजागरीच्या रेषेवरच चिरते.

२. टाके वाचा

इथे घाई करू नका. सगळ्या दंतकथांचा उगम याच टप्प्यावर आहे.

सैनिकानं स्वतः भरलं, ही गोष्ट सोडून द्या. ही कार्डं बाजारात तयार मिळत आणि सैनिक ती विकत घेत. आघाडीच्या मागच्या गावांतल्या दुकानांत ती टांगलेली असत. युद्धानंच ही कला जन्माला घातली, हेही खरं नाही. अशी कार्डं १९०० साली प्रदर्शनात मांडली गेली होती. युद्धानं त्यांना गिऱ्हाईक दिलं, आणि तेही मुख्यतः इंग्रजी बोलणारं. म्हणूनच फ्रान्समध्ये तयार झालेल्या कार्डांवर इतकी इंग्रजी वाक्यं भरलेली दिसतात.

उरली ती घरी बसून हातानं भरणाऱ्या बायकांची गोष्ट. ती फार लोकप्रिय आहे आणि अनेक वर्षं जाणकारांनीही ती सांगितली. ती किती ताणायची हे तुमचं तुम्हाला तपासता येतं. एकाच नमुन्याची दोन कार्डं मिळवा, निदान दोन चांगले फोटो तरी, आणि भिंगाखाली शेजारी ठेवा. पाकळीतले टाके मोजा. दोन्हींत आकडा तोच येतो. एका पानाचं टोक जरा बाहेर गेलेलं असेल तर दुसऱ्यातही ते तिथेच, तेवढंच बाहेर गेलेलं असतं. माणसाचा हात इतक्या इमानदारीनं चूक पुन्हा करत नाही.

याचं कारण हातानं चालवायचं भरतकाम यंत्र. फ्रान्समधल्या म्युलूझच्या जोझुए हाइलमाननं ते १८२० च्या दशकाच्या अखेरीस बनवलं. कापड एका उभ्या चौकटीत ताणलेलं असतं. समोर शेकडो सुया एका ओळीत. सुईला दोन्ही बाजूंनी टोक आणि नेढं मधोमध, म्हणजे सुई उलटी न फिरवता कापडातून पलीकडे जाते आणि तशीच परत येते. कारागीर एका हातानं मोठ्या आकारातल्या आराखड्यावर पँटोग्राफची (मोठी रेघ लहान करून उतरवणाऱ्या सांध्यांच्या दांड्याची) सुई टाक्याटाक्यानं फिरवतो, तशी चौकट हलते आणि सगळ्या सुया एकदम तोच टाका घालतात. एका लांब पट्टीवर एकच नक्षी रांगेनं उमटते. मग पट्टी कापायची, तुकडे कार्डावर चिकटवायचे.

या यंत्राचा टाका दिसायला हुबेहूब हाताच्या टाक्यासारखा असतो, कारण यात एकच धागा कापडाच्या दोन्ही बाजूंनी ये-जा करतो. शिलाई मशीनसारखा खालून दुसरा धागा नसतो. म्हणून 'मशीनचं असतं तर ओळखू आलं असतं' हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. आणि यंत्राचं म्हणून काम कमी दर्जाचंही ठरत नाही. रंग बदलायचा म्हणजे सगळ्या सुयांत नवा धागा ओवायचा. हे काम बहुतेकदा मदतनीस बाया-मुलं करत. एखाद्या फुलपाखरात सात रंग दिसले की त्यामागे किती ओवणी झाली असेल, याचा हिशेब करून बघा.

पाठ बघायच्या मोहापायी मागचा कागद सोलू नका. सोललेल्या कार्डाची किंमत जाते, कापडही सैल पडतं.

३. काळ ठरवा

कार्डावर साल भरलेलं असेल तर काम सोपं: '१९१४–१९१५', '१९१७', किंवा नाताळ आणि नववर्षाची कार्डं. साल नसेल तर ध्वज आणि बिल्ले मोजायचे. युद्धात कोण कधी उतरलं हे ठाऊक असलं की कार्ड *कधीच्या आधीचं असू शकत नाही* हे कळतं.

- इटलीचा ध्वज (हिरवा-पांढरा-लाल, मधे ढाल): मे १९१५ नंतर
- पोर्तुगालचा हिरवा-लाल: मार्च १९१६ नंतर
- रुमानियाचा निळा-पिवळा-लाल, उभे पट्टे: ऑगस्ट १९१६ नंतर
- अमेरिकेचा: एप्रिल १९१७ नंतर. तारे मोजत बसू नका. तेव्हा ४८ होते आणि नखाएवढ्या भरतकामात ते मावत नाहीत
- मशीनगन कोरचा बिल्ला: ऑक्टोबर १९१५ नंतर
- रणगाड्याचं चित्र: सप्टेंबर १९१६ नंतर
- रॉयल एअर फोर्सचा बिल्ला: एप्रिल १९१८ नंतर. त्याआधी रॉयल फ्लाइंग कोर होतं

रशियाचा ध्वज पांढरा-निळा-लाल, सर्बियाचा लाल-निळा-पांढरा. दोन्हींत पट्टे आडवे. ध्वज फुलाच्या पाकळीत किंवा फुलपाखराच्या पंखात तिरका बसवलेला असला की दोघांची हमखास गल्लत होते. ध्वजाची काठी कुठे आहे ते आधी शोधा. रशिया मार्च १९१८ च्या तहानं युद्धाबाहेर पडला, त्यामुळे शेवटच्या काळातल्या कार्डांवर त्याचा ध्वज क्वचित.

एक सापळा लक्षात ठेवा. दुकानदाराकडे जुना माल पडून असायचा. १९१५ मध्ये तयार झालेलं कार्ड १९१७ मध्ये विकलं जाऊ शकत होतं. म्हणून ध्वजांवरून 'याआधीचं नाही' एवढंच म्हणता येतं. 'याच वर्षी पाठवलं' असं म्हणायला मागचा मजकूर किंवा तारीख लागते.

दुसरा सापळा दुसऱ्या महायुद्धाचा. १९३९–४० मध्ये ब्रिटिश फौज पुन्हा फ्रान्सला गेली तेव्हा अशी कार्डं पुन्हा विकली गेली. त्यांवर बहुधा साल असतं. नसेल तर भरणी जाड, रंग भडक आणि नक्षी ढोबळ वाटते का ते बघा.

फुलांबद्दल दोन शब्द. संग्राहक बिल्ल्यांच्या मागे धावतात आणि पॅन्सी, फर्गेट-मी-नॉटच्या गुच्छांना 'नेहमीचंच' म्हणून बाजूला सारतात. मला हे पटत नाही. सर्वांत नाजूक रंगछटा या फुलांतच सापडतात आणि नवख्या डोळ्याला टाके शिकायला त्यांच्याइतकी चांगली शाळा नाही. स्वस्त मिळतात हा वरचा फायदा.

४. मागची बाजू

मागे काहीच लिहिलेलं नाही, तिकीट नाही, शिक्का नाही, म्हणून कार्ड नकली, असा निष्कर्ष बरेच जण काढतात. उलट कोरी पाठ ही या कार्डांच्या बाबतीत अगदी नेहमीची गोष्ट आहे. कार्ड नाजूक होतं आणि महागही. साध्या ब्रिटिश शिपायाचा मूळ पगार दिवसाला एक शिलिंग होता. इतकं जपून घेतलेलं कार्ड उघडं टपालात टाकायची कुणाची तयारी नसे. ते पातळ कागदी पाकिटात मिळे आणि बहुधा पत्राच्या घडीत घालून पाठवलं जाई. मजकूर पत्रात, कार्ड सोबत. पत्र फाटलं, हरवलं, कार्ड उरलं.

मजकूर असेल तर पुढच्या गोष्टी बघा.

*कशानं लिहिलंय?* बरेच सैनिक कॉपिंग पेन्सिल वापरत. कोरडी असताना ती करडी दिसते, ओल लागली की जांभळी होते आणि पसरते. पावसाळ्यात ओलसर बोटाचा एक ठसा पुरे आहे, अक्षर गेलंच. बॉलपेनची एकसारखी, दाबलेली रेघ दिसली तर तो मजकूर युद्धातला नाही. बॉलपेन सर्रास वापरात आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

*गावाचं नाव आहे का?* सैनिकांना आपण कुठे आहोत ते लिहायची मनाई होती. 'फ्रान्समध्ये कुठेतरी' असं लिहिलेलं आढळतं. त्यामुळे मागे तुकडी, खंदक, गाव, तारीख अशी सगळी माहिती सुबकपणे भरलेली असेल तर आनंदायच्या आधी शंका घ्या. बहुधा ती नंतर घरातल्या कुणीतरी आठवण म्हणून लिहिलेली असते. ती खोटी असेलच असं नाही, पण तिला सैनिकाचा शब्द मानू नका.

*छापील काय आहे?* 'कार्त पोस्ताल' हे फ्रेंच शब्द, फ्रान्समध्ये बनवल्याचा उल्लेख, कधी उत्पादकाची खूण. जसंच्या तसं वहीत उतरवा, अगदी ठिपक्यासकट. एकाच उत्पादकाच्या चौकटीची वेलबुट्टी पुढे दुसऱ्या कार्डात ओळखायला हे उपयोगी पडतं.

*कागद चमकतो का?* खोलीत अंधार करून अतिनील विजेरी क्षणभर कागदावर धरा. निळसर पांढरा झगझगीत उजेड दिसला तर कागदात शुभ्रता आणणारी रसायनं आहेत, आणि ती साधारण १९५० पासूनच्या कागदात येतात. म्हणजे जुन्या भरतकामाला नवी चौकट लावलेली असू शकते. विजेरी रेशमावर रेंगाळू देऊ नका.

५. 'आमच्या पणजोबांनी पाठवलं' हे तपासताना

मराठी घरांत हा प्रश्न येतो आणि तो हळुवारपणे हाताळावा लागतो, कारण समोर बसलेल्या आजी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेल्या असतात. त्यांना "हे शक्य नाही" म्हणू नका. आधी विचारा: पणजोबा कोणत्या पलटणीत होते, आणि घरात फ्रान्सचं नाव निघायचं की बसऱ्याचं?

भारतीय फौज सप्टेंबर १९१४ च्या अखेरीपासून मार्सेय बंदरात उतरू लागली. तिच्यातलं पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्स सोडून मेसोपोटेमियाकडे (आजच्या इराककडे, बसरा तिथलाच) गेलं. घोडदळ १९१८ च्या सुरुवातीपर्यंत राहिलं. म्हणजे पायदळातल्या शिपायानं फ्रान्समध्ये कार्ड घ्यायचं तर त्याच्याकडे साधारण सव्वा वर्ष होतं. त्या कार्डावर अमेरिकेचा ध्वज किंवा '१९१७' असेल, तर ते त्या शिपायाकडून आलेलं नाही. तिसरी पायरी इथे कामाला येते.

आता मराठी पलटणी. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा पडलं तेव्हा त्या वेढ्यात अडकलेल्यांमध्ये त्या होत्या. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या, सावंतवाडीच्या घरांत युद्धाची आठवण 'बसऱ्याची लढाई' म्हणून सांगितली जाते ती म्हणूनच. अशा घरात फ्रेंच रेशमी कार्ड सापडलं तर ते दुसऱ्या वाटेनं आलं असण्याची शक्यता जास्त: साहेबाची भेट, लिलाव, किंवा नंतर कुणी आणलेलं.

उलट, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या) २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या फ्रान्सला गेल्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेलच्या हल्ल्यात त्यांची मोठी हानी झाली. या कंपन्यांत मराठा जवानही होते. घरातला माणूस खडकीचा सॅपर असेल तर शोध पुढे नेण्यात अर्थ आहे.

पूना हॉर्सही फ्रान्समध्ये होतं. पण नावातल्या पुण्यावर जाऊ नका. त्यातले स्वार बहुतेक राजपुताना आणि पंजाबकडचे होते.

पैशाचाही विचार करा. भारतीय शिपायाचा मूळ पगार महिन्याला अकरा रुपये होता आणि त्यातला बराच घरी जायचा. ऑस्ट्रेलियन शिपायाला दिवसाला सहा शिलिंग मिळत. जगभरच्या संग्रहांत ऑस्ट्रेलियाला पाठवलेली इतकी कार्डं का दिसतात, त्याचं एक उत्तर इथे आहे. भारतीय शिपायानं कार्ड घेतलंच नसेल असं यातून ठरत नाही. पण मागे मोडीत किंवा देवनागरीत मजकूर असलेलं कार्ड कुणी भारी किमतीला समोर ठेवलं, तर शाई, कागद आणि ध्वज तिन्ही जुळल्याशिवाय पाकीट उघडू नका.

६. माणसाचा शोध: कोणती कागदपत्रं लागतील

घरातला माणूस असेल तर एवढं गोळा करा:

- पदकं. तारेच्या आकाराचं ब्राँझ पदक असेल तर त्यावर मधे काय लिहिलंय ते बघा. 'ऑग', '१९१४', 'नोव्ह' असं असेल तर तो माणूस ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ मध्ये फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये होता, कारण ते पदक फक्त त्यासाठीच होतं. '१९१४–१५' असेल तर इतर आघाड्याही त्यात येतात. ताऱ्याच्या पाठीवर आणि गोल पदकाच्या कडेवर नंबर, नाव, तुकडी कोरलेली असते
- सैन्यातून सुटल्याचा दाखला, पेन्शनची कागदं
- गावाचं तेव्हाचं नाव, तालुका आणि जिल्हा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला. त्याआधीची गावं रत्नागिरीत शोधा, आणि संस्थानकाळातली सावंतवाडीत
- नावाची इंग्रजीतली सगळी संभाव्य स्पेलिंगं

पदकं चिंचेनं घासून लखलखीत करू नका. कडेवरची अक्षरं झिजली की हातातला सर्वांत भक्कम पुरावा गेला.

माणूस युद्धात मरण पावला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची ऑनलाइन यादी मोफत शोधता येते. तिथे भारतीय शिपायांच्या नोंदीत अनेकदा वडिलांचं नाव, गाव, तालुका सापडतो. फ्रान्समध्ये बेपत्ता झालेल्या भारतीयांसाठी न्यव्ह शापेलचं स्मारक आहे. ते १९२७ मध्ये उभं राहिलं आणि त्यावर ४,७०० हून अधिक नावं आहेत. मेसोपोटेमियातल्यांसाठी बसऱ्याचं स्मारक. तिथल्या दगडावर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरली गेली नाहीत, पलटणीखाली फक्त आकडे आले. अधिकाऱ्यांची नावं मात्र कोरली. त्यामुळे स्मारकाच्या फोटोत नाव शोधून निराश होऊ नका, यादीत शोधा.

फ्रान्समधल्या भारतीय शिपायांची पत्रं सेन्सॉरकडे वाचली जात आणि त्यांतले उतारे इंग्रजीत भाषांतरित करून ठेवले जात. हे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तुमच्याच पणजोबांचं पत्र मिळेल अशी आशा धरू नका, पण त्या वर्षात शिपाई घरी काय लिहीत होते हे त्यातून कळतं.

ब्रिटिश सैनिकाचं नाव असलेलं कार्ड असेल तर ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पदकांची नोंदकार्डं आहेत. सेवा-नोंदी मिळतीलच असं नाही. सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात त्यांतल्या निम्म्याहून अधिक जळाल्या.

७. विकत घेताना

किंमत मुख्यतः विषयावर ठरते. फुलं आणि 'माय डिअर' वाली कार्डं विपुल, म्हणून स्वस्त. पलटणीचे बिल्ले, जहाजं, विमानं, जळणाऱ्या गावांची चित्रं महाग. विषयाखालोखाल अवस्था. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडे हे फोटो मागा: समोरून, मागून, आणि आडव्या उजेडात. तिसरा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर कापडात चीर किंवा चौकट सुटलेली आहे असं समजा.

भरतकाम नकली बनवणं फारसं परवडत नाही. साध्या कार्डाला तेवढी किंमतच नाही. फसवणूक होते ती जोडणीत. सुटलेलं भरतकाम नव्या कागदावर चिकटवायचं, किंवा कोऱ्या पाठीवर हृदयद्रावक मजकूर लिहायचा. खिडकीच्या कडेनं भिंग फिरवा. ताज्या डिंकाची चमक, कापडाची वेडीवाकडी कातर, खिडकीच्या मधोमध न बसलेली नक्षी, यांतलं काहीही दिसलं तर थांबा. आणि गोष्टीचे वेगळे पैसे देऊ नका. कागदावर नसलेली गोष्ट ही विक्रेत्याची.

८. जपणूक, आपल्या हवेत

युरोपातले सल्ले जसेच्या तसे मुंबई-कोकणात चालत नाहीत. आपला शत्रू जून ते सप्टेंबर.

लॅमिनेशन कदापि नको. चिकटपट्टी नको. जुने फोटो अल्बम, ज्यांच्या चिकट पानांवर प्लॅस्टिक दाबलं जातं, तेही नकोत. वास येणारं मऊ प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी. ते काळानं आम्ल सोडतं. कार्ड पॉलिएस्टरच्या स्वच्छ पाकिटात ठेवा, भरतकामाच्या बाजूला आम्लरहित टिश्यू कागद लावा आणि अशी पाकिटं आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, एकावर एक फार न रचता ठेवा. दाब पडला की उठावाची वेलबुट्टी सपाट होते. याच कारणानं स्कॅनरची काच कार्डावर दाबू नका. खिडकीच्या उजेडात मोबाइलनं फोटो काढणं बरं.

पेटी भिंतीला चिकटलेल्या किंवा बाहेरच्या भिंतीतल्या कपाटात नको, लोखंडी ट्रंकेतही नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा. डांबरगोळ्या कार्डाच्या पेटीत टाकू नका. कसर आणि झुरळांना कागदावरची खळ आवडते, म्हणून दर महिन्याला पेटी उघडून बघणं हाच खरा उपाय.

भिंतीवर लावायचं असेल तर रंगीत प्रत लावा. संग्रहालयांत कापडासाठी ५० लक्सपेक्षा जास्त उजेड ठेवत नाहीत, आणि आपल्या दिवाणखान्यात दुपारी त्याच्या कितीतरी पट असतो. आधी उडतात ते गुलाबी आणि जांभळे.

धुवायचं नाही. कोमट पाणी, रिठा, ड्राय क्लीनिंग, काहीच नाही. रंग सुटतात, कागद फुगतो, डिंक विरघळतो. धूळ असेल तर ब्रशनं चौकटीवरून बाहेरच्या दिशेला हलकेच सारा आणि रेशमाला हात लावू नका. कापड चिरलं असेल, बुरशी दिसत असेल तर कार्ड वेगळ्या पाकिटात काढून संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे. तिथे विचारणा करता येते.

प्रत्येक कार्डाची एक नोंद ठेवा: मोजमाप, ध्वज, बिल्ला, छापील खुणा, मजकूर जसाच्या तसा, कुणाकडून कधी मिळालं. घरची गोष्टही लिहा, सांगणाऱ्याच्या नावासह, पण वेगळ्या रकान्यात. नोंद कागदावर करायची, कार्डावर नाही.

९. परदेशी पाठवायचं किंवा विकायचं असेल तर

पहिल्या महायुद्धातली कार्डं आता शंभरी ओलांडून गेली आहेत. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू भारताबाहेर नेण्यावर बंधनं घालतो. एखादं कार्ड त्यात मोडतं की नाही हे कुरिअरवाला किंवा विक्रेता ठरवू शकत नाही. पार्सल बांधण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयात फोटो दाखवा आणि उत्तर लेखी घ्या. बाहेरून मागवलं असेल तर खरेदीची पावती आणि सीमाशुल्काची कागदं कार्डाच्या नोंदीबरोबर जपून ठेवा. पुढे तेच कार्ड परत पाठवायची वेळ आली तर ते बाहेरून आलं होतं हे दाखवायला ती लागतील.